कुत्रीशी आणि सुनेशी

हावोद लासच्या त्या शेतघरात माणसं चार असोत की चौदा, इंग्रजी बोलली जायची ती फक्त दोघींशी, कुत्रीशी आणि सुनेशी. हे लिनेटचंच म्हणणं. पहिल्यांदा ती हे बोलली तेव्हा जेवणाच्या टेबलावर हशा पिकला होता आणि तीही हसली होती. सत्तावीस वर्षांनंतर ती ते बोलत नसे. नुसतं मनात यायचं आणि अंग जड व्हायचं.

कुत्रीचं एक ठीक होतं. वेल्समधल्या आमच्या डोंगरातले मेंढपाळ एरवी वेल्शशिवाय तोंड उघडायचे नाहीत, पण कुत्र्याला हुकूम सोडायचा तो इंग्रजीत. का, ते विचारू नका. बाप तसं करायचा म्हणून मुलगा करतो. सुनेचं मात्र पहिल्याच दिवशी बिघडलं. ऐलिरने लग्न करून तिला घरी आणलं तेव्हा सासरे अंगणात उभे होते, हाताला मेंढ्यांचं औषध माखलेलं. त्यांनी हात विजारीला पुसले, टोपी काढली आणि शाळेत घोकल्यासारख्या इंग्रजीत जपून जपून म्हणाले, "या. हे घर तुमचंच समजा."

झालं, ठरून गेलं. ज्या भाषेत पहिली ओळख होते ती आमच्याकडे मरेपर्यंत सुटत नाही. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर आणि लिनेटचे सासरे बारा वर्षं एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. मग एका मयताला दोघं भेटले, शेजारी बसून वेल्शमध्ये प्रार्थना म्हटल्या, आणि दोघंही चाट पडले. दुसऱ्या दिवशी गाडी आली तर पुन्हा इंग्रजीच. आता बदलायचं तर लाज वाटते ना!

लिनेट दक्षिणेच्या कोळसाखोऱ्यातली. तिच्या आजीला वेल्श यायची, आईला समजायची, आणि तिच्यापर्यंत पोचेतो काही उरलंच नव्हतं. म्हणून ती खोलीत आली की हावोद लासची सगळी माणसं अर्ध्या वाक्यात इंग्रजीवर यायची. तिला परकं वाटू नये म्हणून. इतकी भली माणसं! ती बाहेर गेली की मागे पुन्हा वेल्शचा पूर यायचा, हसणं-खिदळणं सुरू व्हायचं, आणि ती ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत ते ऐकायची. पुढे दोन मुली झाल्या, त्यांनीही तेच उचललं. सासऱ्यांना त्या ताइद म्हणायच्या, म्हणजे आजोबा, म्हणून मग सगळेच ताइद म्हणू लागले. तेवढा एक शब्द लिनेटच्या हक्काचा झाला.

मुली शिकायला बाहेर पडल्या तेव्हा तिने गावातल्या चॅपलच्या मागच्या खोलीत मंगळवारचा वेल्शचा वर्ग धरला. सहा वर्षं झाली त्याला. सहा वर्षं आणि पुस्तक पहिलंच, कारण दर फेब्रुवारीत मेंढ्या व्यायला लागायच्या, वर्ग सुटायचा, आणि सप्टेंबरात ही परत पहिल्या पानावर. मी वेल्श शिकते आहे. हळू बोला. पुन्हा सांगा. याला वेल्शमध्ये काय म्हणतात? असली वाक्यं तिला झोपेतही म्हणता आली असती. पण म्हणायची कुणापुढे? दुकानात तोंड उघडलं की समोरचा विचारायचा, तुम्ही वेल्श बोलता? आणि ही म्हणायची, "तिपिन बाख." थोडंसं. की लगेच तो बिचारा तिची दया येऊन इंग्रजीवर.

"ते थोडंसं तोंडातून काढू नका हो," मास्तर आर्विन डोक्याला हात लावायचे. "थोडंसं म्हणालात की मेलात. छातीठोक सांगा, येते म्हणून! चुका की खुशाल!"

हे सांगायला काय जातंय, असं लिनेटच्या मनात यायचं.

गेल्या नोव्हेंबरात ताइदांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण डोक्यातलं बरंच काही पुसलं गेलं. ओळखीची माणसं आठवणीतून गळायला लागली, कधी मुलीला बहीण समजायचे, कधी शेजाऱ्याला विचारायचे आपण कोण. आणि इंग्रजी गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मागाहून शिकलेलं आधी जातं. ती पुरती जाण्याआधी एकदा त्यांनी लिनेटचं मनगट घट्ट धरलं होतं. "मला खाली नेऊ देऊ नका," ते इंग्रजीत म्हणाले होते. "मला इथेच वर राहू दे." खाली म्हणजे डोंगराखालच्या गावात, म्हाताऱ्यांच्या निवासात. त्यांचं ते शेवटचं सबंध इंग्रजी वाक्य, आणि ते तिच्या वाट्याला आलं होतं.

"नाही नेऊ देणार," तिने शब्द दिला होता.

आता मार्च लागला होता. ऐलिर दिवसरात्र मेंढ्यांच्या गोठ्यात, चुलीशेजारच्या खोक्यात आई मेलेलं एक कोकरू, आणि घरात ती आणि ताइद. सकाळी उठवायचं, धुवायचं, दाढी करायची, लापशी भरवायची. हे सगळं ती करायची, त्याचं काही नव्हतं. पण ती समोर आली की ताइद तोंड उघडायचे, शोधायचे, कपाळावर आठ्या घालून शोधायचे आणि म्हणायचे, "टी." मग पुन्हा शोधून, "गुड. टी." त्यापुढे काही सापडायचं नाही आणि डोळे भरून यायचे. पण त्यांची मुलगी, ऐलिरची बहीण हेलेद, रविवारी आली की पन्नास वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मेंढीची गोष्ट वेल्शमध्ये नदीसारखी वाहायची.

लिनेट वेल्शमध्ये विचारून बघायची, "ताइद, पानद घेणार?" म्हणजे चहा. ताइद तिच्याकडे असे बघायचे जणू नेल कुत्रीच बोलली. आणि मग तिचा मान ठेवून, उरलीसुरली इंग्रजी गोळा करून म्हणायचे, "यस. प्लीज."

त्या रविवारी हेलेदने विषय काढलाच. हेलेद गावातल्या शाळेत कारकून, स्पष्ट बोलणारी, मनाने वाईट नव्हे.

"खालच्या निवासात एक खाट रिकामी झालीय," ती लिनेटला इंग्रजीत म्हणाली. "गुरुवारी कौन्सिलची बाई येतेय, त्यांना घरी ठेवणं जमतंय का ते बघायला. लिनेट, तू खूप करतेस गं त्यांचं, कुणी नाही म्हणत नाही. पण दिवसभर त्यांच्याशी बोलायला या घरात आहे कोण? खाली सगळे वेल्श बोलतात. इथे भूक लागली तरी सांगता येत नाही त्यांना."

"मला येते वेल्श."

"तुला येत असेल. ते तुझ्याशी बोलतात का?"

खरं होतं ते. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटलंच, जाऊ देत की खाली. चार रात्री सलग झोप तरी होईल. मग तिला ते मनगट आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

मंगळवारी दुपारी ती मागच्या कोठीत कोकराची बाटली भरत होती. दार अर्धं लोटलेलं. पलीकडे चुलीपाशी ताइद खुर्चीत. कोकरू केकाटत होतं, तर ही आपली सवयीने, वर्गातल्या वेल्शमध्ये, "थांब रे, थांब. दूध येतंय."

"आधी कोमट कर ते," पलीकडून ताइदांचा आवाज आला. वेल्शमध्ये! "गार पाजलंस तर पोट धरेल त्याचं."

लिनेट जागच्या जागी थिजली. मग दाराआडूनच तिने विचारलं, "किती कोमट?"

"मनगटावर थेंब टाकून बघ. चटका नको, गारही नको. आणि पाजताना मान वर धर, नाहीतर ठसका लागेल. एवढंही शिकवलं नाही का कुणी?"

"हळू बोला," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

"मान! मान वर! बहिरी आहेस का गं?"

सत्तावीस वर्षांत तो माणूस तिला एक वाकडा शब्द बोलला नव्हता, आणि आज खेकसला तर तिला आभाळ ठेंगणं झालं. बाटली हातात घेऊन ती हसत हसत बाहेर आली. ताइदांनी तिला पाहिलं. त्यांचं तोंड मिटलं, कपाळावर आठ्या आल्या.

"टी," ते म्हणाले. "गुड."

ती खोक्याशेजारी खाली बसली आणि कोकराची मान वर धरून त्याला दूध पाजत राहिली. रडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

संध्याकाळी ऐलिर जेवायला आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो रश्शात पाव बुडवून अर्धवट झोपेतच ऐकत होता.

"मी दाराआड असले की बोलतात. समोर आले की बंद."

"मग दाराआडून बोलत जा."

"जन्मभर?"

"गुरुवारपर्यंत तरी."

"चेष्टा सुचतेय तुला! अरे, माझा चेहरा दिसला की त्यांना वाटतं इंग्रजीच बोलायला हवं. आणि ती त्यांच्याकडे नाहीये. माझ्यासाठी शोधत बसतात रे, दिवसभर." ती थांबली. "तू बोल ना माझ्याशी वेल्श. तू बोललास तर बघून ते बोलतील."

ऐलिरने चमचा खाली ठेवला. खरोखर प्रयत्न केला बिचाऱ्याने. तोंड उघडलं, एक वाक्य निम्मं बोलला आणि कानापर्यंत लाल झाला.

"नाही जमत गं," तो इंग्रजीत म्हणाला. "तुझ्याशी माझी जीभच वळत नाही. समोर कुणी दुसरीच बाई बसलीय असं वाटतं."

गुरुवारी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. लिनेटने एप्रन काढून ठेवला, चांगला निळा स्वेटर घातला, एरवी फडक्यात बांधलेले केस मोकळे विंचरले. बारा ब्रिथ नावाचा आमचा मनुकांचा पाव कापून लोणी लावून ठेवला. दहाला हेलेद आली आणि मागोमाग कौन्सिलची बाई. तेगवेन तिचं नाव, चाळिशीची, भिजलेली, हातात फॉर्मची फाइल. कोटावर केशरी बिल्ला होता, मी वेल्श बोलते असा. तो बघून लिनेटला धीर आला.

"या, बसा," तिने वेल्शमध्ये सांगितलं. "चहा घेणार?"

"घेईन की!" तेगवेनचा चेहरा फुलला. "अरे वा, वेल्श बोलता तुम्ही?"

आणि लिनेटच्या तोंडातून, सहा वर्षांच्या सवयीने, नको तेच निघालं.

"तिपिन बाख."

"हो का? मग आपण इंग्रजीतच बोलू या ना," तेगवेन लगेच मायेने इंग्रजीत म्हणाली. "उगाच तुमच्या जिवाला त्रास नको. आधीच दमलेल्या दिसताय."

लिनेटला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण शब्द गेला तो गेला. तिघी टेबलाशी बसल्या. औषधं, जिने, अंघोळ, रात्रीचं उठणं, सगळे प्रश्न इंग्रजीत झाले. ताइद चुलीपाशी नेलच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. इंग्रजी कानावर पडू लागली तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आता हा एक रकाना," तेगवेन म्हणाली. "त्यांना लागणारी भाषा, वेल्श. दिवसा घरात ती बोलणारं कुणी?"

"तेच तर," हेलेद म्हणाली. "ऐलिर रानात असतो. आणि लिनेट, वाईट वाटून घेऊ नकोस हं, पण तू आत्ता स्वतःच म्हणालीस, थोडंसं. थोड्याशावर माणूस जगतो का? ताइदांना खाली न्यावं हेच बरं."

तेगवेनने पेन उचललं, चेहऱ्यावर ती समजूतदार दया. दुकानात दिसायची तीच, जेवणाच्या टेबलावर दिसायची तीच. लिनेटच्या आत सत्तावीस वर्षं साचलेलं काहीतरी उतू गेलं. ती उभी राहिली, आणि जे आलं ते वेल्शमध्ये आलं, तुटकं, उघडं, पहिल्या पुस्तकातलं.

"नाही! इंग्रजी नको. मी वेल्श बोलते. हळू बोलते. तुम्ही थांबा. मी चुकते, तुम्ही थांबा! तुम्ही चांगली माणसं. सगळी चांगली. सत्तावीस वर्षं चांगली. मला इंग्रजी देता. मला चहा देता. वेल्श देत नाही! मी दार ऐकते. मी कोकराशी बोलते. कोकरू थांबतं! तुम्ही का नाही थांबत? पुरे झालं चांगलं. पुरे!"

हेलेदचं तोंड उघडंच राहिलं होतं. नेलने कान टवकारले.

"बरं खडसावतेय की ही," चुलीपाशून आवाज आला.

ताइदांनी डोळे उघडले होते. ते लिनेटकडे बघत होते, निळ्या स्वेटरकडे, मोकळ्या केसांकडे, नव्या माणसाकडे बघतात तसं कौतुकाने. कपाळावर एक आठी नव्हती.

"कोण गं ही?" त्यांनी वेल्शमध्ये विचारलं. मग थेट तिलाच, आमच्याकडचा कुठलाही म्हातारा कुठल्याही नव्या पोरीला पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न, "होगन पुई उइत ती? कुणाची गं तू?"

"ताइद, अहो ही आपली..." हेलेदने तोंड उघडलं.

लिनेटने हात वर करून तिला थांबवलं. ठरवायला एक क्षणच लागला तिला. दाढी करताना रोज समोर बसणारा हा माणूस तिला विसरला होता, पार विसरला होता, आणि नाव सांगितलं तर पुन्हा आठवेल आणि पुन्हा म्हणेल, टी.

"दक्षिणेची मी," ती म्हणाली. "कोळशाच्या खोऱ्यातली."

"अस्सं! दक्षिणेची!" ताइद खूश होऊन हसले. "तरीच म्हटलं, वेल्श इतकी वाकडी कशी! तिकडचे सगळे असंच बोलतात. मी सैन्यात असताना एक होता, आठवडाभर मला त्याचं एक अक्षर कळलं नव्हतं. पण येते ना तुला?"

"येते," लिनेट म्हणाली.

"मग उभी काय राहिलीस? चहा टाक. दोन चमचे साखर. आणि तो पाव दे इकडे, लोणी कंजुषी न करता लावलंय ना? सकाळपासून भूक लागलीय, पण या घरात सांगायचं कुणाला?"

तिला सगळं कळलं. एखाददुसरा शब्द निसटला, तर तिने विचारलं, "हळू बोला," आणि ते हळू बोलले, कारण दक्षिणेच्या पोरीशी हळूच बोलावं लागतं. तिने ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मेंढ्यांचं विचारलं, यंदा जुळी किती. तिने बोटांवर मोजून सांगितलं. एक आकडा चुकला, तो त्यांनी सुधारला आणि पुढे गेले.

तेगवेनने त्या रकान्यात लिहिलं, हो. आणि वेल्शमध्ये, एकेक शब्द सुटा करत, लिनेटला म्हणाली, "वरच राहू दे त्यांना. मी सहा महिन्यांनी येईन." एवढं बोलून ती थांबली, लिनेटच्या उत्तरासाठी.

"दिओल्ख," लिनेट म्हणाली. आभारी आहे.

हेलेद नाक पुसत उठली, कपाटापाशी गेली आणि तिच्याकडे न बघताच पुटपुटली, "साखर कुठे ठेवतेस गं?" वेल्शमध्ये. साखर कुठे असते ते तिला चांगलं ठाऊक होतं.

लिनेट चहाचा कप घेऊन ताइदांपाशी आली तेव्हा त्यांनी तिला खुणेने खाली वाकायला सांगितलं. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं काहीतरी होतं.

"तू दक्षिणेची, तुला इंग्रजी येत असेल," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"येते."

"मग माझं एक काम कर. या घरात आमच्या ऐलिरची बायको असते. माझं सगळं तीच करते. आज दिसली नाही."

"असेल इथेच कुठेतरी."

"तिला इंग्रजीच कळते गं. आणि माझी इंग्रजी हरवली. ती येते, बघते माझ्याकडे, आणि मला एक शब्द सापडत नाही. तिला वाटत असेल म्हातारा रागावलाय." त्यांचा हात तिच्या मनगटावर आला. "तसं नाही म्हणावं. शब्दच सापडत नाहीत म्हणावं. फार चांगली पोर आहे ती. मला कंटाळून कुठे जाऊ नकोस म्हणावं. सांगशील?"

लिनेटने कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवला.

"सांगते," ती म्हणाली.

"विसरू नकोस हं."

"नाही विसरत, ताइद. आजच सांगते तिला."